उजवीकडून वाचणारे काका

साउथहॅम्प्टनच्या माझ्या लँडलॉर्डनी पहिल्याच दिवशी मला घराचे दोन नियम सांगितले. शनिवारी दाराची बेल वाजवायची नाही, आणि बाथरूममधल्या दोरीवर पेपर वाळत घातलेले असले तर त्यांना हात लावायचा नाही. पेपर म्हणजे वर्तमानपत्रं, आणि तीही अरबी. बोटीवरून येताना ती खाऱ्या हवेने दमट व्हायची, म्हणून हे गृहस्थ ती कपड्यांसारखी चिमटे लावून सुकवत. मी आंघोळीला गेले की कुठल्याशा देशाचं अख्खं मंत्रिमंडळ माझ्या डोक्यावर लटकत असायचं. पहिल्या आठवड्यात मी दुसरी खोली शोधायला लागले होते. पुढे त्या घरात चार वर्षं राहिले.

ते मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तरुणपणी एडनला गेले आणि तिथल्या बंदरावर आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर झाले. आलेल्या बोटीवर चढायचं, खलाशांचे कागद बघायचे, कुणी आजारी आहे का ते हुंगून काढायचं, हे त्यांचं तीस-पस्तीस वर्षांचं काम. इंग्रज एडनमधून निघाले तेव्हा हेही निघाले. मुलगा लंडनमध्ये एजवेअरला होता, सून चांगली होती, नातवंडं होती. तरी हे साउथहॅम्प्टनला, गोदीपासून दोन गल्ल्यांवर एकटे राहायचे.

“एजवेअरला सगळं आहे हो,” ते मला म्हणाले. “पण बोटी नाहीत. माणसाने राहायचं कसं?”

मी त्यांना ‘मिस्टर’ लावून हाक मारली तर म्हणाले, “अलिबागेत मला कुणी मिस्टर म्हटलं नाही, तुम्ही कशाला म्हणता?” तेव्हापासून काका. ते मला डॉक्टरीणबाई म्हणत. मी मिरजेहून एमबीबीएस होऊन आलेली, साथीच्या रोगांच्या वॉर्डात ज्युनिअर, स्वतःला भलतीच हुशार समजणारी मुलगी होते. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे. त्याची पुढे गरज पडणार आहे.

रोज सकाळी दहाला पँटला क्लिपा लावून काका सायकलवर गोदीच्या दाराशी जात. हँडलला पिशवी, पिशवीत लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या. लोणचं ते स्वतः घालत, आणि ते इतकं तिखट असे की एकदा खाल्ल्यावर माझा कान दिवसभर वाजत होता. अरब खलाशी ते लोणचं घेत आणि बदल्यात जुने पेपर देत. त्या पेपरांतली बातमी काका वाचत नसत. मथळा नाही, अग्रलेख नाही. पेपर हातात आला की पहिल्यांदा व्यंगचित्र.

“बातमीवर साहेबाची सही लागते,” ते म्हणत. “चित्रावरही लागते. पण साहेबाला चित्र कळत नाही.”

मला आधी हा म्हातारपणाचा चाळा वाटला. मग एका रविवारी त्यांनी मला त्यांच्या वह्या दाखवल्या. वह्या म्हणजे वॉलपेपरच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तकं. डेकोरेटरच्या दुकानातून जुनी झालेली ती मागून आणायची आणि त्यांच्या गुलाबांवर, वेलबुट्ट्यांवर कात्रणं डकवायची. अशी सोळा पुस्तकं होती. सगळी चित्रं रोगराईची: देवी, प्लेग, मलेरिया, पण मुख्य म्हणजे कॉलरा. आणि ती तारखांनी लावलेली नव्हती, वस्तूंनी लावलेली होती. एक पुस्तक माश्यांचं. त्यात माशी कधी छातीवर पदकं लावून सलामी घेत होती, कधी मंत्र्याच्या खुर्चीत, कधी शाळेच्या बाकावर पहिल्या नंबरात. एक पुस्तक नळाचं. एक सुईचं, त्यातल्या सुया भाल्याएवढ्या. एक नुसतं मंत्र्यांच्या पोटांचं. एका चित्रात मंत्री फोटोग्राफरसमोर नळाचं पाणी पितोय आणि पाठीमागे त्याचा नोकर बाटलीचं पाणी घेऊन उभा आहे, हे पाहून मी मोठ्याने हसले. काका खूश झाले.

“हसलात ना? आता सांगा, ह्यात रोग कुठे लिहिलाय?”

कुठेच लिहिलेला नव्हता. तेच ते मला दाखवत होते. साथ आली की सरकारं आधी तिचं नाव काढायला बंदी करतात. पेपरवाले मग ‘उन्हाळी विकार’ वगैरे लिहितात. पण चित्रकाराच्या घरीही बायको असते, ती पाणी उकळते, कलिंगड आणू देत नाही, भाजीवर लिंबू पिळते. तो बिचारा दुसरं काय काढणार? बायको, कलिंगड, लिंबू हेच काढतो. काका पेपरात बसलेल्या चित्रकाराच्या स्वयंपाकघरात हजारो मैलांवरून डोकावत होते. हे मला त्या दिवशी कळलं आणि मला त्यांची थोडी भीतीच वाटली.

काही चित्रं त्यांनी उलटी चिकटवली होती, डोकं खाली पाय वर. मला वाटलं चूक झाली असेल. पण नाही. शेजारच्या देशाचा माणूस बॅगेत जंतू घेऊन सरहद्द ओलांडतोय, असलं चित्र आलं की ते उलटं. फाडायचं नाही, फेकायचं नाही, पण सरळ लावायचं नाही. एका पुस्तकाच्या शेवटी अशीच उलटी लावलेली दोन इंग्लिश कात्रणंही होती. एकात बोटीतून उतरणारा एक सावळा फेटेवाला आणि त्याच्या खांद्यावरच्या गाठोड्यावर देवीचे फोड.

“हा कोण?” मी विचारलं.

“तुम्ही, मी,” काका म्हणाले आणि पान उलटलं.

इतका ध्यास म्हणजे ह्यामागे काहीतरी दुःख असणार, अशी माझी खात्री होती. बायको साथीत गेली असेल, नाहीतर एखादं मूल. एकदा मी धीर करून, आवाज अगदी हळवा करून विचारलं.

“छे हो! बायको दम्याने गेली, अलिबागेत. मला हसायला आवडतं, म्हणून.”

आणि ह्या माणसाला, ज्याने आयुष्यभर लोकांची टोचून घेतल्याची सर्टिफिकेटं तपासली, सुईची भयंकर भीती होती. भीती म्हणजे नुसती घाबरगुंडी नव्हे. सुई टोचली की ते पडत. “मी पडतो,” असं ते सांगत, जसं कुणी ‘मी मासे खात नाही’ म्हणून सांगतं. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स त्यांना बघून आधी जमिनीवर गादी घाली, मग सिरिंज भरी. शेवटी त्यांनी तिकडे जाणंच सोडलं. मी घरात टोचायची तयारी दाखवली तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सत्तरच्या उन्हाळ्यात एक दिवस मी वॉर्डावरून आले तर काका बाथरूमच्या दारात उभे. दोरीवर तीन पेपर.

“डॉक्टरीणबाई, लिंबं मोजा.”

एका चित्रात नवरीच्या गळ्यात लिंबांचा हार होता. दुसऱ्यात चोर तिजोरी सोडून लिंबाची करंडी पळवत होता. तिसऱ्यात एक बाई नवऱ्याने मुका घ्यायच्या आत त्याच्या तोंडावर लिंबू चोळत होती.

“तीन दिवस, तीन लिंबं,” काका म्हणाले. “कॉलरा आलाय. तुमच्या बॉसना सांगा.”

मी अर्थातच सांगितलं नाही. आमचे बॉस पोर्टचेही मेडिकल ऑफिसर होते. त्यांना जाऊन काय सांगू, नवरीच्या गळ्यात लिंबू आहे म्हणून? त्या देशाचा अधिकृत कागद स्वच्छ होता. दोन आठवड्यांनी रेडिओवर बातमी लागली. कॉलरा होता, आणि बरेच दिवस होता. मी किचनमध्ये ब्रेडला बटर लावत होते, सुरी हातात तशीच राहिली. काका लोणच्याच्या बरण्या पुसत होते. ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं एका शब्दाने बोलले नाहीत.

आता बॉसना मी सगळं सांगितलं. ते मोजकं बोलणारे इंग्लिश गृहस्थ. ऐकून त्यांनी पाइप बाजूला ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या लँडलॉर्डना इथे नोकरी हवी आहे का विचार.” मग त्यांनी मला एक काम दिलं. गोदीजवळ खलाशांचं एक बोर्डिंग हाऊस होतं. तिथे चाळीसेक अरब, बहुतेक येमेनी, एका बोटीतून उतरून दुसरीची वाट बघत राहायचे. त्यांना लस द्यायची होती आणि ते क्लिनिकला फिरकत नव्हते.

आता माझी हुशारी. मी काकांकडून शिकले होते ना, की ही माणसं चित्रावर विश्वास ठेवतात! काका सायकलवर गेलेले बघून मी सुईचं पुस्तक काढलं. त्यात एक चार चौकोनांचं चित्र मला आधीपासून आवडलेलं होतं. शब्द एकही नाही. पहिल्या चौकोनात माणूस खाटेवर आडवा, जीभ बाहेर. दुसऱ्यात मोठी थोरली सुई. तिसऱ्यात तो उठून बसलाय. चौथ्यात छाती काढून उभा, मिशीला पीळ देत. लस घ्या, ठणठणीत व्हा! ह्याहून सोपं काय असेल? मी ऑफिसात त्याचं मोठं पोस्टर करवून घेतलं, बोर्डिंग हाऊसच्या डायनिंग रूममध्ये स्वतः नेऊन लावलं आणि पुस्तक जागच्या जागी ठेवलं. काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते मला शिकवत बसले असते, आणि मला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकला कुणी आलं नाही. ज्या नऊ जणांनी येतो म्हणून कबूल केलं होतं तेही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बोर्डिंग हाऊसकडून जात होते तर पायरीवर बसलेल्या दोघांनी माझी बॅग पाहिली आणि उठून आत गेले. मी घरी आले, चहा केला, आणि काकांना सगळं सांगून टाकलं. पोस्टरसकट.

“कुठलं चित्र?” त्यांनी विचारलं. मी पान काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागले. इतके हसले की चहा सांडला.

“अहो बाई, हे उजवीकडून बघायचं!”

अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात हे मला ठाऊक होतं. चित्रंही तशीच जातात हे डोक्यातच आलं नव्हतं. काका शनिवारी प्रार्थनेचं हिब्रू पुस्तक उजवीकडून वाचत आणि बाकीच्या दिवशी मराठी डावीकडून. त्यांना दोन्ही रस्ते पाठ होते. मला एकच. मी उजवीकडून पाहिलं. धडधाकट, मिशीला पीळ देणारा माणूस. मग तो बाही सरसावून बसतो. मग सुई. मग खाटेवर आडवा, जीभ बाहेर. हे मी चाळीस माणसांच्या जेवणाच्या टेबलासमोर लावून आले होते.

काकांचं हसणं थांबलं होतं. त्यांनी पँटला क्लिपा लावल्या आणि सुईचं पुस्तक काखेत घेतलं. “बॅग घ्या. लस आहे ना त्यात? चला.”

दुपारचे दोन वाजले होते, मंडळी जेवायला बसलेली. काका आत गेले, सलाम केला, आणि माझ्या पोस्टरखाली उभं राहून अरबीत बोलू लागले. मला शब्द कळत नव्हते, पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग डावीकडून उजवीकडे हात फिरवला, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग सगळं टेबल हसायला लागलं. एक म्हातारा खलाशी तर डोळे पुसत होता. मी बॅग छातीशी धरून उभी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

“काका, माझा इन्सल्ट करायला आणलंत का इथे?”

“हसू दे त्यांना. आतापर्यंत त्यांना वाटत होतं डॉक्टर आपल्याला मारायला आलीय. आता कळलं की नुसती वेडी आहे. प्रगती आहे.”

मग बोलता बोलता ते थबकले. टेबलावर बशा भरभरून कापलेली लिंबं होती. डाळीवर लिंबू, भातावर लिंबू, पाण्याच्या जगमध्ये लिंबू. काकांनी जरा वेळ ती लिंबं पाहिली आणि अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं. हसणं एकदम थांबलं. कुणी वर पाहीना.

“आजारी कोण आहे, एवढंच विचारलं,” ते मला म्हणाले.

तो त्यांच्यातलाच एक, बोटीवरचा स्वयंपाकी होता, चारच दिवसांपूर्वी उतरलेला. वरच्या मजल्यावर, पडदे ओढून ठेवलेल्या खोलीत. डोळे खोल गेलेले, हात गार, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. दोन दिवस जुलाब. माझं सगळं हसं-बिसं विसरून मी ओरडलेच, “ह्याला आत्ताच्या आत्ता सलाइन पाहिजे! मी अॅम्ब्युलन्सला रिंग करते.” मी खाली जाऊन फोन केला. परत आले तर त्या माणसाने दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी दांडा धरलेला, आणि दारात सहा-सात जण उभे. तो येणार नाही म्हणत होता. तिथे सुई लावतात. त्याने चित्र पाहिलं होतं. जेवायला शेवटचा खाली उतरला तेव्हा तेच चित्र त्याच्यासमोर होतं. माझं चित्र.

“मग मी पोलिसांना बोलावते. ऑर्डर घेऊन येतील.”

“पोलीस पुढच्या दाराने आले की हे मागच्या दाराने जातील,” काका म्हणाले. “ह्याला उचलून नेतील. मग कुठे शोधाल? संध्याकाळपर्यंत टिकेल का तो?”

मी खरं ते सांगितलं, की मला वाटत नाही.

काकांनी टोपी काढून खिशात कोंबली, कोट काढला, आणि शर्टाची बाही वर केली.

“मला टोचा. ह्याच्यासमोर.”

“काका, तुम्ही पडाल!”

“पडणारच.”

“अहो, मग चित्र खरं होईल ना! माणूस उभा, सुई, माणूस आडवा. हेच तर बघून तो घाबरलाय.”

“टोचा हो. पण पडल्यावर मला कुणी उचलू नका.”

माझं डोकं चालेना. पण खाटेवरचा माणूस दर मिनिटाला आटत चालला होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी लस भरली. काका स्वयंपाक्याकडे बघत होते, सुईकडे नाही. सुई आत गेली, बाहेर आली, त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला, आणि ते खाटेच्या कडेने घसरत जमिनीवर आडवे झाले. दारातून एकच आवाज उठला. कुणीतरी पुढे धावलं. मी हात आडवा केला. डॉक्टर म्हणून तसं करताना माझा जीव नुसता वर-खाली होत होता, कारण त्यांचं वय सत्तरीला आलेलं आणि खाली नुसत्या टणक फळ्या. स्वयंपाक्याने दांड्याला धरलेल्या हातांची पकड आणखी आवळली आणि मान वळवून खाली पाहू लागला.

आम्ही सगळे पाहत होतो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

मग काकांचा पाय हलला. डोळे उघडले. त्यांनी छताकडे पाहिलं, आपण कुठे आहोत ते आठवलं, एक हात खाटेवर ठेवला, एक गुडघा टेकला आणि उठू लागले. दोनदा घसरले. कुणी हात लावला नाही. शेवटी उभे राहिले, डुलत, घामाने निथळत, आणि त्या स्वयंपाक्याला अरबीत तीन-चारच शब्द बोलले. त्याच्या सुकलेल्या ओठांवर हसूसारखं काहीतरी आलं, आणि त्याने दांडा सोडला.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर पायऱ्यांवरून डायनिंग रूमपर्यंत क्यू लागला. माझ्याकडची लस संपली, क्लिनिकमधून आणखी मागवावी लागली. बाह्या आधीच वर केलेल्या.

“त्याला काय सांगितलंत?” मी घरी जाताना विचारलं. काका सायकल हातात धरून चालत होते, तिच्यावर बसत नव्हते.

“चित्रकाराने कागद संपला म्हणून थांबवलं, म्हटलं. गोष्ट पुढे आहे.”

“पण तुम्ही स्वतः कशाला? मी माझ्याच हाताला टोचून दाखवलं असतं.”

“तुम्ही पडला नसता. डॉक्टर पडत नाही हे त्यांना माहीत असतं, त्यात काय बघायचं? भित्रा माणूस पडून उठलेला दिसायला पाहिजे होता. तिथे तसा मी एकटाच होतो.”

मी पुष्कळ शूर माणसं पाहिली आहेत, वॉर्डात रोज बघत होते. पण स्वतःच्या भित्रेपणाचा असा उपयोग करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

चार दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. कॉलरा नव्हताच. बोटीवरच्या शिळ्या मटणातून झालेला साधा जुलाब. पण पाणी इतकं गेलं होतं की अजून अर्धा दिवस तसाच राहिला असता तर माणूस हातचा जाता. मी काकांना सांगितलं.

“कॉलरा नव्हता?” ते खुर्चीत ताठ झाले. “म्हणजे मी उगाच टोचून घेतलं?” संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते.

स्वयंपाकी बरा होऊन परतला तेव्हा त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. डायनिंग रूममध्ये माझं पोस्टर अजून तसंच होतं, कुणी काढलं नव्हतं. त्याच्या डाव्या बाजूला, थेट भिंतीवर, पेन्सिलीने कुणीतरी आणखी एक चौकोन आखला होता. त्यात एक म्हातारा, विस्कटलेल्या केसांचा, पँटला क्लिपा. एक हात खाटेवर, एक गुडघा जमिनीला, उठतोय. शब्द नाही. नाक मात्र भलं मोठं.

मी काकांच्या हसण्याची वाट पाहिली. ते हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला.

“नाक जरा जास्तच काढलंय,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. स्वयंपाक्याने धावत खुर्ची आणली. काका बसले, तरी नजर भिंतीवरच होती. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि ते चित्र मिशीवाल्यापासून सुरुवात करून, उजवीकडून डावीकडे, शेवटपर्यंत पाहिलं.